पॅकअप कधी होणार, हे घरी सगळ्यात शेवटी का कळतं?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी आधी हसले आणि मग जरा वेळ गप्प बसले. "सेटवर मी शंभर माणसं सांभाळतो, घरात तिघंही सांभाळता येत नाहीत." बाकी तपशील असा, की तुम्ही सहा वर्षं मालिकांच्या सेटवर सहयोगी दिग्दर्शक आहात, पत्नी नर्स आहेत, त्यांच्याही शिफ्ट बदलत्या, मुलगा तीन वर्षांचा. सेटवरची शिस्त घरात वापरता येते का, की हे क्षेत्रच सोडावं, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात बावीस वर्षं आहे. फ्लोअर मॅनेजर म्हणून सुरुवात केली, मग लाइव्ह कार्यक्रम, मग डेली मालिका, आता निर्मितीची पूर्ण जबाबदारी. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. यातलं बरंचसं मी आधी चुकीचं करून मग शिकले आहे, म्हणून चुकीपासूनच सुरू करते.

थोरली चार वर्षांची असताना मलाही वाटलं होतं, की सेट चालवता येतो तर घर का नाही? एका शनिवारी रात्री बसून मी रविवारची कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता हजर व्हायचं त्याचा सेटवरचा तक्ता, बनवली. अगदी खरीखुरी. आंघोळीचा क्रम, कोण किती वाजता तयार, गाडी कधी निघणार, कोण कुठे बसणार. प्रिंट काढून फ्रिजवर लावली. सकाळी सासूबाईंनी चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "माझा कॉलटाइम सात चाळीसचा लिहिलायस, पण मेकअपला किती वेळ धरलायस?" नवरा हसून हसून बेजार. दहाला निघायचं होतं, साडेअकराला निघालो, आणि त्यातला अर्धा तास माझ्या रागावण्यात गेला.

सेटवर माझं ऐकतात कारण ते प्रत्येकाचं काम आहे, त्याचे पैसे मिळतात आणि संध्याकाळी पॅकअप होतं. घरात पॅकअप होत नाही आणि मला तिथे कुणी दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसवलेलं नाही. शिवाय सेटवर रिकामा गेलेला वेळ म्हणजे नुकसान. ही सवय इतकी हाडीमाशी भिनते, की रविवारी दुपारी पोरं नुसती जमिनीवर लोळत असली तरी आपल्याला बेचैनी येते, 'यांना काहीतरी द्यायला हवं' असं वाटतं. लोळू द्या. त्या वेळेचं काही करायचं नसतं.

मग सेटवरचं घरी काय चालतं? मला हे कळायला सात-आठ वर्षं गेली आणि कळलं तेही नवऱ्याच्या तोंडून. एका रात्री मी अकराला घरी आले. तो भांडला नाही. म्हणाला, "तू अकराला येतेस त्याचं मला काही नाही. आठला येते म्हणतेस आणि अकराला येतेस, त्याचं मी काय करू? आठपासून अकरापर्यंत मी काहीच ठरवू शकत नाही. पोरांना झोपवू की जागं ठेवू, एवढंसुद्धा नाही."

मी त्या दिवशी प्रॉडक्शनची माणूस म्हणून विचार केला तेव्हा लाज वाटली. सेटवर एखाद्या विभागाने मला असं तीन तास लटकत ठेवलं असतं तर मी काय केलं असतं? आमचा सगळा धंदा कशावर चालतो? बदल होणार हे सगळ्यांना धरूनच चालावं लागतं. पाऊस येतो, कलाकार आजारी पडतो, जनरेटर बंद पडतो. तरी काम होतं, कारण बदल झाला की तो ज्याला कळायला हवा त्याला वेळेत कळतो. उद्याची कॉलशीट आज संध्याकाळी हातात पडते. सीनचा क्रम बदलला तर कपडेपटाला आधी कळतं, कलाकाराला नंतर. घरी मी यातलं काहीच करत नव्हते. घर माझ्या कमी वेळावर नाराज होतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात ते माझ्या अंदाजांना कंटाळलं होतं.

आता तुमच्याबद्दल थोडं टोचेल असं बोलते. पॅकअप कधी होणार हे युनिटमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळतं? सहयोगी दिग्दर्शकाला. पटकथेच्या पानाचे आठ भाग करून तुम्हीच दिवसाचं काम मोजता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत किती अष्टमांश झाले आणि किती उरलेत हे तुमच्या हातातल्या कागदावर असतं. एक लांब सीन पाच कलाकारांचा आहे, त्यात लाइटिंग बदलायचंय, म्हणजे आठचं पॅकअप साडेनऊच्या आत होत नाही, हे दुपारी तीनला तुम्हाला ठाऊक असतं. दिग्दर्शकाला ठाऊक नसतं, तो अजून "जोर लावू, उरकू" म्हणत असतो. आणि तुम्ही घरी फोन कधी करता? पावणेआठला. तोवर तुमच्या पत्नीने तुमच्या आठ वाजण्यावर स्वतःची रात्रपाळी बेतलेली असते. सगळ्यात आधी ज्याला कळतं, तो सगळ्यात शेवटी कळवतो.

असं का होतं तेही मला माहीत आहे. दुपारी तीनला वाईट बातमी द्यायची नसते. मनात आशा असते, कदाचित उरकेल. त्या आशेवर तुम्ही सेटवर कधी विसंबता का? कपडेपटाला कधी सांगता का, की बघू, कदाचित चौथा सीन आज लागेल, कदाचित नाही?

मी तेव्हापासून घरी एक निरोप पाठवते, त्यात तीन वेळा असतात. "आठला निघते. अडकले तर साडेनऊ, त्यापलीकडे नाही. साडेचारला नक्की सांगते." पहिली वेळ अंदाजाची, दुसरी वाईटात वाईट, तिसरी कळवण्याची. लोक पहिल्या दोन वेळा देतात आणि तिसरी विसरतात. खरी कामाची तीच असते. साडेचारपर्यंत घरच्यांना डोक्यात दोन्ही शक्यता बाळगाव्या लागतात, त्यानंतर एकच. आणि साडेचारला अजून नक्की नसेल तर? तर साडेनऊ म्हणायचं. सेटवर संशय असला की आपण सीन उद्यावर टाकतोच ना, तसं. एखादवेळी आठलाच सुटलात तर घरी लवकर पोचाल, त्याबद्दल अजून कुणी मला बोललेलं नाही.

दुसरी उपयोगी पडलेली गोष्ट लाइव्हमधली, बॅकटायमिंग. मालिकेत तुम्हाला याची फारशी गरज पडत नसेल. लाइव्ह कार्यक्रम नऊला संपायचा म्हणजे आठ वाजून एकोणसाठ मिनिटं साठ सेकंदांना. तिथे कंट्रोल रूममध्ये कुणी सुरुवातीपासून पुढे मोजत बसत नाही. शेवटापासून मागे मोजतात. निरोपाला वीस सेकंद, म्हणजे निवेदक आठ एकोणसाठ चाळीसला परत कॅमेऱ्यावर हवा. त्याआधीची बातमी अडीच मिनिटांची, म्हणजे ती आठ सत्तावन्न दहाला सुटलीच पाहिजे. प्रत्येक आयटमसमोर अशी एक वेळ लिहिलेली असते आणि सहायक निर्माती सतत सांगत असते, "चाळीस सेकंद ओव्हर", म्हणजे वेळेपेक्षा जास्त, "दहा सेकंद अंडर", म्हणजे कमी. ओव्हर असलो तर काय गाळायचं तेही आधीच ठरलेलं असतं.

मुलीच्या शाळेत संध्याकाळी पाचला तिचं नाटुकलं होतं. मी त्या दिवशी पुढे मोजत गेले. हा सीन झाला की निघते, मग फक्त एक क्लोजअप, मग निघते. पाच दहाला मी शाळेच्या हॉलचं दार उघडलं तेव्हा ती झाड होऊन उभी होती आणि तिची दोन वाक्यं होऊन गेली होती. झाडाने माझ्याकडे पाहिलं, हललं नाही. चांगली कलाकार आहे.

पुढच्या वर्षी मी शेवटापासून मागे मोजलं. पाचला पडदा. चार पन्नासला खुर्चीत. रस्ता पंचेचाळीस मिनिटांचा, तो एक तास धरायचा, म्हणजे तीन पन्नासला गाडीत. मेकअप रूमपासून गाडीपर्यंत कुणी ना कुणी हटकतंच, त्याची दहा मिनिटं, म्हणजे तीन चाळीसला कागद खाली ठेवायचे. उरलेलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायला वीस मिनिटं. म्हणजे माझा दिवस तीन वीसला संपतो, पाचला नाही. हा आकडा पहिल्यांदा कागदावर पाहिला तेव्हा मला धक्काच बसला. आपण नेहमी उशिरा पोचतो कारण आपल्या डोक्यात पाच असतात. त्या दिवशी तीन वीस सेटच्या शेड्यूलवर छापून टाकलं. "ताई तीन वीसला नाहीत." कुणाचं काही बिघडलं नाही. आदल्या दिवशी सांगितलेलं कुणालाच टोचत नाही.

हातासरशी एक तांत्रिक गंमत सांगते, मला फार आवडते. अमेरिकेत १९५३ च्या शेवटी रंगीत टीव्हीचं तंत्र मंजूर झालं, तेव्हा सेकंदाला तीस फ्रेमचा, म्हणजे तीस चित्रांचा, वेग किंचित उतरवून २९.९७ करावा लागला. फरक नगण्य वाटतो. पण पुढे टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा, आला आणि तो तीस धरून मोजायला लागला तेव्हा लक्षात आलं, की तासाभरात टाइमकोड आणि भिंतीवरचं घड्याळ यांत ३.६ सेकंदांची तफावत पडते, म्हणजे १०८ फ्रेमची. यावर काढलेला उपाय पाहा. दर मिनिटाच्या सुरुवातीला दोन आकडे गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत. एकही चित्र फेकलं जात नाही, फक्त मोजणी सुधारते, आणि तीही थोडी थोडी, सतत. जिथे सेकंदाला नेमक्या २५ फ्रेम असतात तिथे हे दुखणं नाहीच.

घरातली तफावतही अशीच साठते. रोज पंधरा मिनिटं उशीर, महिन्यात चोवीस दिवस काम, झाले सहा तास. आपण ते सहा तास एका मोठ्या सहलीत भरून काढू पाहतो. सहल छान होते, तफावत तशीच राहते. दोन आकडे आज गाळा, दोन उद्या. मी आठवड्यातून दोनदा मुलांना शाळेत सोडायला जायचं ठरवलं, बास. पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्या रस्त्यावर मला जे कळायचं ते पाच दिवसांच्या सुट्टीत कळलं नाही.

आता संपर्काबद्दल. स्टुडिओत फोन बंद, हे आपल्याला सवयीचं. पण घरच्यांना आपल्यापर्यंत पोचायला रस्ता कोणता? १७ नोव्हेंबर १९६८ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा फुटबॉल सामना चालू होता. सात वाजता 'हायडी' हा चित्रपट लावायचं ठरलेलं. सामना लांबला. वरिष्ठांनी ऐनवेळी ठरवलं, की सामना संपेपर्यंत चालू ठेवायचा. पण हे सांगणार कसं? चित्रपट वेळेवर लागणार की नाही आणि सामना पुरा दाखवणार की नाही, हे विचारणाऱ्या प्रेक्षकांच्या फोनांनी एक्सचेंज तुंबलं होतं. निरोप पोचला नाही. बरोबर सातला सामना कापला गेला, आणि शेवटच्या मिनिटात ओकलंडने नऊ सेकंदांत दोन टचडाउन करून सामना ४३-३२ असा फिरवला, तो अर्ध्या देशाला दिसलाच नाही. त्यानंतर वाहिनीने कंट्रोल रूममध्ये एक स्वतंत्र फोन बसवला, वेगळ्या एक्सचेंजचा. त्याला नाव पडलं हायडी फोन.

माझा हायडी फोन बसायलाही असाच प्रसंग यावा लागला. धाकटा पाळणाघरात होता, दीड वर्षांचा. त्याला ताप चढला. त्यांनी माझ्या मोबाइलवर सात वेळा फोन केला, तो लॉकरमध्ये. मग ऑफिसात केला, तिथल्या मुलाने निरोप प्रॉडक्शनमधल्या कुणाला दिला, त्याने तो मेकअप रूमबाहेर कुणाला तरी सांगितला. मला तो चहाच्या सुट्टीत कळला, पावणेदोन तासांनी, तोही "मॅडम, घरून कायतरी फोन होता" अशा स्वरूपात. निरोपातला ताप वाटेतच गळाला होता. चूक कुणा एकाची नव्हती. रस्ताच नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कंट्रोल रूमच्या किंवा सेटवरच्या एका माणसाचा नंबर घरी, शाळेत आणि सासूबाईंच्या वहीत. तो माणूस कॅमेरा चालू असतानाही माझ्या कानात बोलू शकतो. आणि त्या नंबरवर फोन करायची कारणं तीनच: आजार, अपघात, मूल वेळेवर पोचलं नाही. बाकी सगळं सुट्टीत. कारणं आधी ठरवलेली असल्यामुळे तो फोन वाजला की मी विचार करत नाही, उठते. इतक्या वर्षांत तो चार वेळा वाजला. तुमच्या पत्नीलाही वॉर्डात फोन जवळ ठेवता येत नसणार, म्हणून तुमच्याकडे असे दोन लागतील.

टॅली लाइटचं उलटं झालं. कॅमेऱ्यावरचा हा लाल दिवा लागला की तो कॅमेरा 'ऑन एअर', त्याचंच चित्र प्रेक्षकांना दिसतंय, सगळ्यांनी जपून. मी एके काळी घरातून मीटिंग घ्यायची तेव्हा दारावर लाल कागद लावायचे. मुलांना लगेच कळलं, पाळायचीही. पण एकदा थोरलीने तो कागद काढून स्वतःच्या फ्रॉकला पिन केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, की लाल दिवा फक्त माझ्याच दारावर का असावा. आता घरात कुणीही म्हणू शकतं, "मी ऑन एअर." म्हणजे फोन खाली, तोंड इकडे. सासूबाई हा अधिकार सर्वात जास्त वापरतात.

कंटिन्युइटी. ही मला सगळ्यात अवघड गेली. सेटवर आपण फोटो काढून ठेवतो. कप कुठल्या हातात होता, पेल्यात पाणी किती, पदर कुठल्या बाजूला. दोन दिवसांनी तोच सीन पुढे चालू झाला तर पेला तेवढाच भरलेला हवा. आणि घरी? चार दिवसांच्या आउटडोअरनंतर येऊन मी मुलीला विचारलं, "मग, तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची बट्टी झाली का?" तिने दप्तरातून मान वर न काढता सांगितलं, "आई, ती गोष्ट मागच्या आठवड्यात संपली. आता आम्ही दोघी तिसरीशी बोलत नाही."

यावर नवऱ्याने उपाय काढला. फ्रिजवर, जिथे माझी कॉलशीट लागली होती तिथेच, एक छोटी वही लटकवली. जो घरी असेल त्याने दिवसाच्या दोन ओळी लिहायच्या. "गणिताची चाचणी, रडू आलं पण सांगत नाहीये. धाकट्याचा दात हलतोय. आईंचा गुडघा." सेटवरून आले की मी चपला काढायच्या आधी ती वही वाचते. मग "दिवस कसा गेला?" असा पोकळ प्रश्न विचारायची वेळ येत नाही. सरळ दातावर येता येतं. दोघांच्या शिफ्ट उलटसुलट असतील तर ही वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण तुम्ही दोघं एकमेकांनाही दोन-दोन दिवस धड भेटत नसाल.

बँकेबद्दल तुम्ही विचारलं होतं. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, असली की युनिट शांत, बँक संपली की आज शूट, आज एडिट, आज टेलिकास्ट आणि सगळ्यांची डोकी गरम. घरात वस्तूंची बँक जरूर करा. औषधं, शाळेचे अर्ज भरून, कपडे इस्त्री करून, कोण आजारी पडलं तर कुणाला बोलवायचं ती नावं, आणि त्या माणसांना आधी विचारून ठेवणं. माणसांच्या वेळेची बँक होत नाही. मी दहा दिवस सुट्टी काढून मुलांना भरपूर वेळ दिला आणि पुढचे दोन महिने त्यावर काढायचे ठरवले, असं मी तीनदा केलंय. तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी बँक शून्य.

मात्र मोठी गोष्ट आधी माहीत असेल तर शेड्यूल किती वाकू शकतं, याचं उदाहरण टीव्हीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका गाजत असताना तिची नायिका ल्युसिल बॉल गरोदर राहिली. १९५२ साल, पडद्यावर 'गरोदर' हा शब्दसुद्धा वाहिनीला चालत नव्हता. त्यांनी गरोदरपण कथेतच घेतलं, भाग आधी चित्रित करून ठेवले, आणि १९ जानेवारी १९५३ ला सकाळी तिच्या मुलाचा जन्म झाला त्याच रात्री मालिकेतल्या बाळाच्या जन्माचा भाग प्रसारित झाला. सिझेरियनची तारीख ठरलेली असल्यामुळे हे जमलं. मी माझ्या धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत कामावर काही सांगितलं नाही, काम काढून घेतील म्हणून. मग सांगितलं तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली आणि खरोखरच काम काढून घेतलं गेलं. लवकर सांगितलं असतं तर नसतं काढलं, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण वाटाघाटीला चार महिने मिळाले असते.

भांडणाचं एक सांगायचं राहिलं. लाइव्हमध्ये चुकीचं ग्राफिक गेलं तर त्या क्षणी कुणी "कुणी लावलं?" असं ओरडत नाही. ओरडलं तर पुढचा क्यू, म्हणजे पुढचा इशारा, चुकतो. चूक गेली, पुढचा आयटम. जे काय ते कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या ओढून. घरात सकाळी पावणेसात ते आठ हा लाइव्हच असतो. डबा राहिला, कुणी सही केली नाही, मोजा एकच सापडतो, तेव्हा पुढचा आयटम घ्यायचा. पण रात्री खुर्च्या ओढायच्याच. आम्ही बरीच वर्षं पहिला भाग पाळला आणि दुसरा टाळला. त्यातून जी शांतता झाली ती चांगली नव्हती.

झोपेवर विनोद करणार नाही. युरोपीय संघाचा कामगार कायदा आजचं काम संपून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती मागतो, आणि त्यातून काही सवलती असल्या तरी आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अकरा, आठ नव्हे, म्हणजे झोपेशिवाय जाणं-येणं आणि घरात माणूस म्हणून वावरणं यालाही जागा उरते. १९९७ मध्ये हॉलीवूडमधला एक कॅमेरा सहायक एकोणीस तासांचं काम संपवून स्वतः गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत झोप लागून अपघातात गेला. नाइट शूटनंतर स्वतः गाडी चालवू नका. नाइटनंतरच्या सकाळी घरात कुठलाही निर्णय घेऊ नका, पैशांचा तर नाहीच. आणि मुलाला "मी जागा आहे" असं सांगून सोफ्यावर पेंगू नका, सरळ सांगून झोपा. तीन वर्षांच्या मुलाला "बाबा दोनपर्यंत झोपणार" हे कळतं. घड्याळातला काटा कुठे आला की उठवायचं ते दाखवून ठेवा. तो उठवेलच, मिनिटभरही इकडे-तिकडे नाही.

क्षेत्र सोडावं का? सोडायच्या आधी प्रकार बदलून पाहा. बाहेरच्यांना वाटतं लाइव्ह म्हणजे सगळ्यात वाईट. मला उलट वाटतं. लाइव्ह संपतं. नऊला म्हणजे नऊला, कुणी "अजून एक घेऊ" म्हणू शकत नाही. रात्री दहाला सुटणारी शिफ्ट असली तरी ती दहालाच सुटते. डेली मालिकेत दिवसाचे तास लांब असतात आणि शेवट हलता असतो, म्हणून ती घराला सगळ्यात जड जाते. मुलं लहान असताना मी तीन वर्षं मालिका सोडून स्टुडिओतला रोजचा लाइव्ह कार्यक्रम घेतला. पैसे कमी मिळाले, मागून आलेले दोघं पुढे गेले, त्यातल्या एकाच्या हाताखाली नंतर मी काम केलं. त्रास झाला. तरीही परत तेच करेन. तुमची गणितं वेगळी असतील, कर्ज असेल, म्हणून हा सल्ला म्हणून देत नाहीये.

आणि एक. तुम्ही लिहिलंय, "सुट्टीच्या दिवशी मी पत्नीला घरात मदत करतो." सेटवर तुम्ही दिग्दर्शकाला मदत करता की तुमचा विभाग सांभाळता? विभाग ज्याचा असतो त्याला तिथलं सामान संपलेलं कुणी सांगावं लागत नाही. घरातला एखादा विभाग तुमचा करून घ्या, पूर्ण, लहान का असेना. आमच्याकडे डॉक्टर आणि औषधं हे खातं नवऱ्याचं. मी अजूनही त्याला विचारल्याशिवाय थर्मामीटरला हात लावत नाही.

तीन वेळांचा निरोप आजच सुरू करा, पण पत्नी लगेच विश्वास ठेवतील अशी अपेक्षा नको. माझ्याकडे तिसरा आठवडा उजाडला होता. त्या दिवशी मी साडेचारला "साडेनऊ" कळवलं होतं आणि नऊ वीसला दारात पोचले. बेल वाजवली. आतून कडी लावलेली, कुणी उघडेना. बऱ्याच वेळाने नवरा आला, खांद्यावर टॉवेल, हातात अर्धा वाचलेला पेपर. दार उघडून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहा मिनिटं अंडर आहेस. बस इथेच पायरीवर."